उसवणाऱ्याला नमस्कार

ट्रकची सीट शिवणारा माणूस कुणाच्या लक्षात राहत नाही. लोक ट्रकचा रंग बघतात, मागची अक्षरं वाचतात, हॉर्नला शिव्या घालतात. सीटवर नुसते बसतात. पण गॅरेजांच्या त्या लांब रस्त्यावर, जिथे हवेला कायम ग्रीसचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास असे, गादीमास्तरांना सगळे ओळखत. त्यांचं दुकान म्हणजे एक शटर. आत फोमच्या लाद्या, रेक्झिनचे गुंडाळे, भिंतीला टोचून ठेवलेली दाभणं, आणि या सगळ्याच्या मध्ये मांडी घालून, तोंडात खिळे धरून बसलेले मास्तर. तोंडात खिळे असत म्हणून ते फार बोलत नसत. खिळे नसतानाही फार बोलत नसत. त्यांच्या बायकोला सगळा रस्ता मास्तरीण म्हणे. ती सांगायची, "लग्नाला यांनी होकार दिला तोसुद्धा मी अंदाजानेच धरलाय."

ट्रकच्या केबिनमध्ये ड्रायव्हरच्या मागे झोपायची फळी असते आणि फळीखाली पेटी. पेटीत पांघरूण, कपडे, नटबोल्टचे पाने, स्टोव्ह, घरून आलेलं काहीबाही. बाकीचे कारागीर पेटीला एक झाकण ठोकून मोकळे होत. मास्तरांचं झाकण असं बसे की वरची गादी अखंड दिसे, बोट फिरवलं तरी सांधा लागत नसे. एवढी मेहनत कशाला, असं कुणी विचारलं तर ते खिळे हातात काढून घेत आणि म्हणत, "फट राहिली की कुरकुरते. कुरकुर ऐकत माणूस गाडी चालवणार कसा?" आणि खिळे परत तोंडात.

या धंद्याची एक रीत आहे. गाडीमालक बाहेरून कारागिराचं नाव लावू देत नाही, म्हणून कारागीर ते आत लिहितो. जुनी सीट उसवली की फळीच्या पोटावर आधीच्या माणसाचं काहीतरी सापडतं. नाव, फोन नंबर, कधी बाणाचं चित्र, कधी आगाऊच दिलेली शिवी. उसवणारा ते वाचतो, हसतो किंवा त्याच्याहून मोठी शिवी देतो आणि नव्या फळीवर आपलं लिहून ठेवतो. एकमेकांची तोंडंही न पाहिलेल्या माणसांचं हे बोलणं. मास्तर इथे मात्र बोलके होते. झाकणाच्या आतल्या बाजूला ते जाड पेनाने लिहीत: 'उसवणाऱ्याला नमस्कार. काम वाईट वाटलं तर फोन कर.' खाली नंबर.

फोन आला तेव्हा मास्तर जेवत होते. अनोळखी आवाजाने विचारलं, "ट्रकच्या सीटा शिवता ते तुम्हीच का?"

"मीच. कुठे उसवली?"

पलीकडे कुणीतरी हसलं. "उसवलीय खरी. या, बघून जा."

पत्ता पोलीस ठाण्याचा होता. पोलिसांच्या गाड्यांचं काम मास्तरांनी आधी केलेलं होतं, तेव्हा त्यात त्यांना वावगं वाटलं नाही. पिशवीत दाभण, मेणदोरा, कात्री घातली, ताट झाकून ठेव म्हणाले आणि गेले. मास्तरिणीने ताट झाकलं. संध्याकाळी तिचा धाकटा भाऊ आला. तो वीजमिस्त्री होता, खिशात कायम टेस्टर, म्हणून त्याचं नावच टेस्टर पडलेलं. एरवी दारातूनच बडबड करत येणारा हा माणूस गप्प उभा राहिला. तेव्हा तिला कळलं की ताट आता घासायला टाकलं तरी चालेल.

झालं होतं ते असं. हमरस्त्यावर एक ट्रक अडवला गेला होता. झोपायच्या फळीखाली नशेच्या पांढऱ्या पुडीची पाकिटं निघाली आणि ती इतकी निघाली की कायद्याच्या भाषेत तो मोठा माल ठरला. थोडा सापडला तर कायदा एक असतो. धंद्याइतका सापडला की तोच कायदा दुसरं तोंड दाखवतो. ड्रायव्हर पकडला गेला, ट्रकमालक पकडला गेला, आणि झाकणाच्या आत ज्याचा नंबर होता त्याला फोन करून बोलावून घेतलं गेलं. तिघांनी मिळून केलेला कट, असं कागदावर आलं. मास्तरांची दाभणांची पिशवी मुद्देमालात जमा झाली.

पहिला जामीन अर्ज खालच्या कोर्टात. ती खोली शाळेच्या वर्गासारखी होती, फक्त इथे कुणी पास होऊन बाहेर जाताना दिसत नव्हतं. मास्तरीण मागच्या बाकावर बसली. सरकारी वकील उठले. माणूस बारीक, पण आवाज भरदार.

"साहेब, हा गुप्त कप्पा असा बेमालूम आहे की अख्ख्या पथकाला तो दिसला नाही. हात फिरवून कळला नाही. शेवटी कुत्र्याने शोधला. हे साध्या कारागिराचं काम नव्हे. यामागे डोकं आहे."

मास्तरिणीला एक विचित्र गोष्ट जाणवली. नवऱ्याच्या कामाचं इतकं मनापासून केलेलं कौतुक तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं. एका गिऱ्हाइकानेही कधी असं म्हटलं नव्हतं.

"आणि आत लिहिलंय काय? उसवणाऱ्याला नमस्कार! ही पोलिसांची टिंगल आहे, साहेब. खाली फोन नंबर. कशाला? तर ज्यांना असे कप्पे हवेत त्यांच्यासाठी. ही जाहिरात आहे."

मास्तरांच्या वकीलबाई तरुण होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात फायलींचा गठ्ठा. त्या म्हणाल्या, "चोर घर फोडून भिंतीवर आपला पत्ता लिहून जातो का, साहेब? ज्याला लपवायचंय तो आपला नंबर लिहील का? आणि पोलिसांनी फोन केला तर पिशवी घेऊन स्वतःच्या पायांनी ठाण्यात येईल?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा वाईट माणसाचा नव्हता, आणि हेच मास्तरिणीला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं. ते म्हणाले, "तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण तो खटल्यात बघू. या कायद्यात जामीन द्यायचा तर हा माणूस गुन्हेगार नाही असं मला आत्ताच पटायला हवं. 'नसेलही' एवढ्यावर मला सोडता येत नाही."

अर्ज फेटाळला.

बाहेर व्हरांड्यात मास्तरिणीने वकीलबाईंना गाठलं. "मॅडम, एक सांगा. साहेबांना पटलं असतं की यांनी काही केलेलं नाही, तर मग जामीन तरी कशाला? सरळ घरीच पाठवायचं की."

"काकू, हा प्रश्न मला कॉलेजात पडला होता."

"मग?"

"मग मी वकील झाले."

टेस्टर म्हणाला, "म्हणजे बघ ताई, निर्दोष असल्याचं दाखवलं तर जामीन. दाखवायला साक्षीदार पाहिजेत. साक्षीदार खटल्यात येणार. खटला सुरू होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही."

"गप रे," मास्तरीण म्हणाली. पण वकीलबाई हसल्या. हसून झाल्यावर भिंतीला टेकून क्षणभर उभ्या राहिल्या, जणू हसण्यानेही दमायला झालं होतं.

मग वरच्या कोर्टात अर्ज. तिथली भिंत उंच, पायऱ्या रुंद, आणि माणूस त्या पायऱ्या चढताना आपोआप लहान होत जाई. तारीख पडे. त्या दिवशी सरकारी वकिलांना कागद मिळालेले नसत. पुढच्या वेळी कागद असत, सरकारी वकील नसत. एकदा दोन्ही होते, युक्तिवाद अर्ध्यावर आला, मास्तरिणीला वाटलं आज काहीतरी होणार. आणि न्यायाधीशांची बदली झाली. नव्या न्यायाधीशांसमोर सगळं पहिल्यापासून. अर्धं बोललेलं कुठे जातं, असं तिला विचारायचं होतं. त्या छताला चिकटून राहतं का? दर तारखेला ती चांगली साडी नेसून जाई, केसांना तेल लावून जाई, आणि परत येताना गाडीत शेजारच्याला वाटे की बाई कुठल्या तरी कार्यक्रमाहून येतेय.

दरम्यान ट्रकमालक सुटला. त्याने गाडी आधीच विकल्याचं दाखवलं, नवा मालक कोण ते कुणालाच सापडेना, आणि त्याचं नाव कुठल्याच फळीवर लिहिलेलं नव्हतं. टेस्टर म्हणाला, "भाऊजींना अक्षर आलं नसतं तर आज घरी असते."

मास्तरीण रोज शटर उघडे. शटर जड, एका बाजूने अडकणारं. मास्तर त्याला खालून पाय लावून उचलत. तिला ते जमत नसे. ती सोफ्याच्या उशा शिवे, स्कूटरची सीट करे. ट्रकवाले दुरून हात करत आणि पलीकडच्या दुकानात जात. त्यांचंही चूक नव्हतं. रस्त्यावरच्या कारागिरांनी आत लिहिणं बंद केलं होतं. काहींनी तर जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून फुकट नवी फळी बसवून दिली, आपलं जुनं नाव काढून घेण्यासाठी. फळ्या कोऱ्या झाल्या. आता उसवणाऱ्याला आत काहीच सापडत नसे. ना नमस्कार, ना शिवी.

खटल्याचं म्हणावं तर पुडीच्या तपासणीचा अहवाल आला होता, त्यातलं एक पान आलं नव्हतं. ते पान कुणी पाठवायचं यावर दोन कचेऱ्यांचा पत्रव्यवहार चालू होता. एका पानासाठी माणूस आत बसून होता, आणि ते पान माणसाबद्दल नव्हतंच, पुडीबद्दल होतं.

एका संध्याकाळी वकीलबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. मशीनची घरघर जमिनीतून पायात येई.

"काकू, आता दुसरा रस्ता आहे. खटला इतका रखडलाय की त्या एकाच मुद्द्यावर कोर्ट सोडू शकतं. माणसाला किती काळ नुसतं कोंडून ठेवणार? एवढंच बोलायचं. तो दोषी आहे की निर्दोष, यात शिरायचंच नाही."

"आणि नंबरचं?"

"तेच तर. नंबरचं बोलले की साहेबांना त्यात शिरावं लागणार. शिरले की मग पटलं पाहिजे, पटत नाही, फेटाळा. सरकारी वकील पुन्हा त्या नमस्कारावर नाचणार. अर्जात तो मुद्दा राहू दे. मी तो तोंडाने काढणार नाही."

"मग नका काढू."

"मास्तरांना विचारून या. अशील ते आहेत."

तुरुंगातली भेटीची जागा म्हणजे काचेची एक लांब भिंत, अलीकडे रिसीव्हर, पलीकडे रिसीव्हर. सगळेच ओरडत असल्यामुळे सगळ्यांनाच ओरडावं लागे. मास्तर समोर येऊन बसले. गालाची हाडं वर आलेली. तिने सगळं समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले.

"म्हणजे नंबरचं बोलायचं नाही."

"नाही."

"मग बोलायचं काय?"

"उशीर झाला म्हणून सोडा."

"उशीर तर झालाच आहे. त्यात माझं काय आलं? पूड विकणाराही उशीर झाला म्हणून सुटेल."

"सुटू दे की! तुम्हीही सुटा!"

"मला लपवायचं नव्हतं म्हणून मी लिहिलं. एवढं एक वाक्य त्या खुर्चीवरून कुणीतरी बोलू दे. मग सोडा नाहीतर ठेवा."

मास्तरिणीच्या डोक्यात काहीतरी चढलं. "वाक्य! जन्मभर तोंडात खिळे धरून बसलात, घरात दोन शब्द बोलायचे तर तुमच्या जिवावर यायचं, आणि आता तुम्हाला वाक्य पाहिजे?"

"हो. पाहिजे."

"मी तिकडे शटर ओढून खांदा निकामी करून घेतेय. आपली पोर सासरी सगळ्यांना सांगते, बाबा बाहेरगावी कामाला आहेत. आणि तुम्ही इथे वाक्याची वाट बघत बसणार?"

"तिला सांग, खरं सांग म्हणावं."

"तुमच्या खऱ्याला काय करू, डोक्याखाली घेऊन झोपू?"

शेजारच्या रिसीव्हरवरची बाई स्वतःचं रडणं थांबवून यांच्याकडे बघू लागली. मास्तरांनी मान हलवली. नाही म्हणून. आणि त्यांनीच रिसीव्हर आधी ठेवला. काचेपलीकडे ते उठून जाताना दिसले, पाठ तशीच ताठ, सीटला बसवतात तशी.

घरी टेस्टर वाट बघत होता. "काय म्हणाले?"

मास्तरिणीने फोन काढला. "मॅडम, मी बोलतेय. मास्तर हो म्हणाले."

पलीकडून वकीलबाईंनी विचारलं, "नक्की ना, काकू?"

"त्यांचं हो मला कळतं."

फोन ठेवल्यावर टेस्टर म्हणाला, "ताई, हे खोटं झालं."

"मग तू जाऊन बस त्यांच्या जागी आणि खरं बोल."

सुनावणी डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपली. इतके दिवस वाट बघितलेली गोष्ट इतक्या लवकर संपते याचाही माणसाला राग येतो. न्यायाधीश आता तिसरे होते. वकीलबाईंनी खटल्याच्या रखडण्याचं सांगितलं. सरकारी वकील उठले. "साहेब, पण त्या झाकणावर जे लिहिलंय…"

"त्या त्यावर बोलतच नाहीयेत," न्यायाधीश म्हणाले. "तुम्ही मला सांगा, साक्षीदार किती तपासले?"

"अजून… सुरुवात व्हायची आहे, साहेब."

"कधी होणार?"

सरकारी वकिलांनी फाईल चाळली. फाईलमध्ये ते लिहिलेलं नसावं. न्यायाधीश वकीलबाईंकडे वळले. आवाज मवाळ होता. "तुमच्या अर्जात आरोपीने स्वतःचा नंबर लिहिल्याचा मुद्दा आहे. मी वाचलाय. गंमतशीर आहे. त्यावर काही म्हणायचंय तुम्हाला?"

वकीलबाईंनी मागे वळून बघितलं. खोलीत इतकी माणसं होती, पण त्या मास्तरिणीकडेच बघत होत्या. या न्यायाधीशाला ऐकायचं होतं. कदाचित याच्याच तोंडून ते वाक्य निघालं असतं. कदाचित ऐकून त्याने मानेने नाही म्हटलं असतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. मास्तरिणीने खाली फरशीकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"नाही, साहेब," वकीलबाई म्हणाल्या. "त्या मुद्द्याचा आग्रह नाही."

जामीन मंजूर झाला. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी, शहर सोडायचं नाही, जामीनदार एक. टेस्टर जामीनदार राहिला. सही करताना म्हणाला, "भाऊजी पळाले तर माझं घर जाणार. म्हणजे आता ताईपेक्षा मीच त्यांना जास्त जपणार." कुणी हसलं नाही, म्हणून तोच थोडा हसला.

सुटकेच्या दिवशी मास्तरीण एकटीच गेली. टेस्टरला तिने नको म्हटलं. तुरुंगाच्या मोठ्या दारातलं लहान दार उघडलं आणि मास्तर वाकून बाहेर आले, हातात प्लॅस्टिकची पिशवी. उन्हाने डोळे बारीक झाले होते. तिने ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. साहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. साहेब म्हणाले, असा माणूस लपवणारा नसतो. रात्रभर तिने वाक्यं जुळवली होती आणि ती चांगली जुळली होती.

मास्तरांनी कशी आहेस विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "नंबरचं काय म्हणाले?"

तिचं तोंड उघडलं आणि जुळवलेलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे? विचारलंच नाही?"

"विचारलं. आपण नको म्हणालो."

"आपण?"

"मी."

मास्तर चालायला लागले. ती मागून. रस्त्यापलीकडे बसथांबा होता, त्याच्या पत्र्याच्या सावलीत ते बसले. तिने त्यांच्या शेजारी पिशवीएवढी जागा सोडली. एक बस आली, थांबली, गेली. ते उठले नाहीत.

"साहेबांनी स्वतः विचारलं?" ते म्हणाले.

"हो."

"ऐकायला तयार होते?"

"मला काय माहीत! तयार असते, नसतेही. आधीचे पण तयारच वाटले होते. मला जुगार खेळायचा नव्हता."

"माझा होता तो."

"तुमचा एकट्याचा? शटर कुणी उघडलं रोज?" तिचा आवाज चढला. "मग जा परत. वाजवा दार, घेतील आत. सांगा, मला चुकीच्या कारणाने सोडलंय."

मास्तरांनी दाराकडे खरंच बघितलं. ते बघणं इतकं लांबलं की मास्तरीण बाकावरून अर्धी उठली. मग ते म्हणाले, "खटल्यात तरी बोलू देशील?"

"उभा राहिला खटला तर बोला. मी काय तोंड धरलंय?"

"धरलंस की."

यावर तिच्याकडे उत्तर होतं, एक नाही, कितीतरी होती, पण तेवढ्यात दुसरी बस आली. मास्तर उठले आणि मागे न बघता चढले. बस अर्धी रिकामी होती. ते खिडकीशी बसले आणि शेजारच्या जागेवर त्यांनी पिशवी ठेवली. मास्तरीण पलीकडच्या बाकावर बसली. खांदा ठणकत होता, म्हणून तिने हात मांडीत घेतला.

कंडक्टर आला. मास्तरांनी तुरुंगातून परत मिळालेलं पाकीट काढलं आणि म्हणाले, "एक."

कंडक्टरने त्यांच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. एकाच थांब्यावर चढलेली, एकाच दारासमोरून आलेली अशी माणसं तो रोज बघत असणार. "एकत्र ना तुम्ही?"

"त्यांना विचारा," मास्तरीण म्हणाली.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. कंडक्टरने पाठीमागच्या दांड्याला टेकून वाट बघितली. बस वळली, तसा तो तोल सावरत पुन्हा म्हणाला, "काका, लवकर बोला. एक की दोन?"